कळ आणि कांच

स्मार्टफोनवरून बटणें नाहींशीं होऊन आतां बरींच वर्षें लोटलीं आहेत, आणि त्यांच्या अंताविषयीं सुशिक्षित मंडळींत एक समजूत पक्की होऊन बसली आहे. बटणें आणि कांच अशा दोन्ही वस्तु बाजारांत शेजारीं शेजारीं मांडल्या गेल्या, ग्राहकांनीं कांच उचलली आणि निकाल लागला; आतां बटणांची बाजू घेणें म्हणजे आगगाडीच्या काळांत दमणीची वकिली करणें होय, अशी ती समजूत आहे. ती फार सोयीची आहे, आणि म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे. आमच्या मतें या घडामोडींत ग्राहकाच्या बोटास जें सुख मिळालें त्यापेक्षां कारखानदाराच्या डोक्यावरून जें ओझें उतरलें तें पुष्कळ मोठें होतें. माल पुरा करून मगच विकावयाचा, हें तें ओझें.

याविषयींचा पुरावा प्रतिपक्षाच्याच तोंडचा आहे. ता. ९ जानेवारी २००७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्ज यांनीं आयफोन प्रथम जगापुढें मांडला, तेव्हां त्या काळचे बटणांचे चार नामांकित फोन पडद्यावर दाखवून त्यांची त्यांनीं मनसोक्त थट्टा केली. त्यांचे मुख्य आक्षेप दोन. एक असा कीं, बटणांचा उपयोग असो वा नसो, तीं आपलीं जागा अडवून बसलेलीं असतात. हा आक्षेप ग्राहकाच्या बाजूचा आहे, आणि खराही आहे. परंतु दुसरा आक्षेप असा होता कीं, फोन विकला गेल्यावर सहा महिन्यांनीं एखादी नामी कल्पना सुचली, तर बटणें कांहीं बदलतां येत नाहींत. वाचकांनीं क्षणभर विचार करावा: हें गाऱ्हाणें कोणाचें? खाट विकून पैसे घेतल्यावर तिचे पाय बदलतां येत नाहींत म्हणून एखादा सुतार हळहळूं लागला, तर त्या खाटेवर निजणारा त्याच्या दुःखांत सहभागी होईल काय?

कळ ही कारखानदाराची एक प्रकारची लेखी कबुलीच होती. नोकियाचा ११०० हा फोन २००३ सालीं निघाला आणि जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपला. त्यांत डौल म्हणून कांहीं नव्हता. धूळ आंत जाऊं नये अशी कीपॅडची रचना, माथ्याशीं एक विजेरी, एवढेंच त्याचें वैभव. पण आज जें बटण जेथें आहे तें उद्यां तेथेंच सांपडेल, याविषयीं वापरणारा निःशंक असे. अंगठा हळूहळू शिके, आणि एकदां शिकला कीं डोळ्यांस विचारीत नसे. अंधारांत, चालत्या बसमध्यें, खिशांतल्या खिशांत नंबर फिरवितां येई. पांचाच्या आंकड्यावर बहुतेक फोनांस बोटाला लागणारी एक बारीक खूण असे, तिच्या आधारानें अंधही निर्धास्तपणें फोन लावीत. त्या फोनाचें सॉफ्टवेअर घरबसल्या बदलण्याची सोय नव्हती, आणि ही गैरसोयच ग्राहकाची ढाल होती. जें मागाहून दुरुस्त करतां येत नाहीं तें आधींच नीट करावें लागतें.

कांच आली आणि ही सक्ति संपली. २०१४ च्या सप्टेंबरांत अॅपल कंपनीनें आपल्या फोनांसाठीं एक अपडेट काढला. त्यायोगें नव्याकोऱ्या आयफोन सहापैकीं हजारों फोनांना मोबाईलचें जाळेंच मिळेनासें झालें, म्हणजे फोन होते पण फोन करतां येईना. कंपनीला तो घाईघाईनें मागें घ्यावा लागला. याहून मासलेवाईक गोष्ट २०१८ सालच्या फेब्रुवारींतील आहे. तेलुगु लिपींतील ‘ज्ञा’ या अक्षराची एक विशिष्ट जोडणी संदेशांतून येतांच आयफोनवरील तें तें ॲप कोसळून पडूं लागलें. दुरुस्ती कांहीं दिवसांत आली, हें खरें. परंतु कोट्यवधि लोक ज्या लिपींत रोज लिहितात तिच्यांतील एका जोडाक्षरानें मूर्च्छा येणारें यंत्र तयार माल म्हणून विकलें जावें, आणि अक्षर तरी कोणतें, तर ‘ज्ञाना’च्या आरंभींचें, हा योगायोग कोणा विनोदी लेखकास सुचला असता तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आतां प्रतिपक्षाचें जें देणें आहे तें आम्ही चुकतें करतों. बटणांवर मराठी लिहिणें ही शिक्षा होती. बारा बटणांवर चाळीसांहून अधिक अक्षरें, शिवाय मात्रा आणि वेलांट्या. एखादें जोडाक्षर आलें कीं अंगठा रडकुंडीस येई, आणि त्यास कंटाळून आमच्या लोकांनीं आपली भाषा रोमन लिपींत लिहिण्याची खोड लावून घेतली, ती अजून गेलेली नाहीं. कांचेनें देवनागरी सर्वांच्या हातीं आणून दिली, हा उपकार लहान नव्हे. शिवाय बटणें असलीं म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप शहाणें होतें असेंही नाहीं. नोकियाच्याच २००९ सालच्या एन ९७ या फोनास सरकवून काढावयाचा सुरेख कळफलक होता, तरी तो इतका अडखळे कीं कंपनीच्या लौकिकास त्यानें धक्काच दिला. आमचा आग्रह प्लॅस्टिकच्या तुकड्यांसाठीं नाहीं. त्या तुकड्यांमुळें जी शिस्त पाळावी लागे तिच्यासाठीं आहे.

“पण निवड लोकांनींच केली ना?” हा प्रश्न येतोच. लोकांनीं नकाशे निवडले, कॅमेरा निवडला, परदेशीं गेलेल्या मुलाचा चेहरा निवडला. या सर्वांबरोबर कांच गळ्यांत आली. ज्या बाजारांत लाडू घेणारास डबा घ्यावाच लागतो, तेथें डब्याच्या खपावरून लोकांस डबा आवडतो असें अनुमान काढणें हें तर्कशास्त्र नव्हे. बटणांचे फोन वापरणारांची संख्या आमच्या देशांत अजून इतकी आहे कीं, २०२२ सालीं रिझर्व्ह बँकेस त्यांच्यासाठीं पैसे देण्याघेण्याची वेगळी यूपीआय व्यवस्था सुरू करावी लागली.

जेथें चुकीची किंमत प्राणांत मोजावी लागते तेथें तर शहाणे लोक परतही फिरूं लागले आहेत. ता. २१ ऑगस्ट २०१७ रोजीं सिंगापूरनजीक जॉन एस. मॅकेन ही अमेरिकन विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि तिच्यावरील दहा खलाशी मेले. सुकाणूचा ताबा एका जागेवरून दुसरीकडे देतांना टचस्क्रीनवर घोटाळा झाला. गतीचीं दोन नियंत्रणें परस्परांपासून सुटलीं आहेत हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. शिक्षणही अपुरें होतें. पण हातांत धरावयाचा दांडा असता तर त्याची जागा हातालाच कळली असती, तशी ती कांचेवर कळत नाहीं. २०१९ सालीं अमेरिकन नौदलानें गतीसाठीं पुन्हां खरे दांडे बसविण्याचें ठरविलें. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेंही २०२६ पासून पूर्ण गुणांसाठीं वळण्याचे दिवे, भोंगा, वायपर इत्यादिकांस खरींखुरीं बटणें मागितलीं आहेत. मग ज्या वस्तूंत आपलें पेन्शन, बँक आणि डॉक्टरचा नंबर सांठविलेला आहे, आणि पावसाच्या चार थेंबांनीं जिला बोट कोणतें आणि थेंब कोणता हें कळेनासें होतें, तिच्याविषयींच आपण एवढे उदार कां?

अपडेट नको असें आम्ही म्हणत नाहीं. चोरवाटा बुजविल्या पाहिजेत, आणि २०२५ च्या जूनपासून युरोपीय संघानें विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें अपडेट देण्याची अट घातली आहे, ती स्तुत्यच आहे. पण कुलूप दुरुस्त करावयास आलेल्या माणसानें जातांना स्वयंपाकघराचें दार दुसऱ्या भिंतींत बसवून जावें, हें कोणत्या घरांत चालतें? सत्तरीच्या गृहस्थानें महिनाभर खटपट करून पैसे पाठविण्याची खूण कोठें आहे तें पाठ करावें आणि एका सकाळीं ती तेथून नाहींशी व्हावी, हा प्रकार दुरुस्तीच्या नांवाखालीं घरोघर चालला आहे. तेव्हां मागणी इतकीच करावयाची: सुरक्षिततेची दुरुस्ती आणि पडद्याची फेररचना हे दोन व्यवहार निराळे ठेवावे. पहिला न विचारतां करावा. दुसरा मालकास विचारून करावा, आणि त्यानें “नको” म्हटल्यास पुढच्या आठवड्यांत तोच प्रश्न पुन्हां विचारूं नये.