पहाटे तीनची पाळी

२२ एप्रिल २००३ ची गोष्ट. साखर कारखान्यातले एक रखवालदार मोटारसायकलवरून कामावर निघाले होते. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना जेमतेम पाच किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि त्यातच ते गेले. मागे पत्नी, चार मुलं आणि आई. भरपाईचा दावा आपल्या तेव्हाच्या उस्मानाबादेतच दाखल झाला. तिथले वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश कामगार भरपाई आयुक्त म्हणून काम पाहत होते. २००९ मध्ये त्यांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये १२ टक्के व्याजासह द्यावेत, असा आदेश दिला. विमा कंपनी अपिलात गेली. अपघात कारखान्यात झाला नाही, रस्त्यावर झाला, तेव्हा आमचा संबंध काय, असं तिचं म्हणणं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य करून आदेश रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी उस्मानाबादचा तो जुना आदेश पुन्हा कायम केला.

बावीस वर्षं गेली. वडील वारले तेव्हा जे मूल पहिलीत असेल, ते या निकालाच्या दिवशी स्वतः संसाराला लागलेलं असेल.

या निकालाची देशभर चर्चा झाली, पण तो आपल्या जिल्ह्यातून निघाला हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. न्यायालयाने सांगितलं ते असं : घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला आणि त्या वेळेचा, ठिकाणाचा, परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर तो कामातलाच अपघात. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्यात ही तरतूद २०१० मध्ये आली होती. तीच दृष्टी भरपाईच्या १९२३ च्या कायद्यालाही लागू आहे, आणि आधीच्या अपघातांनाही, असं न्यायालय म्हणालं. आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात हे शब्दांत लिहूनच ठेवलं आहे.

साखर कारखान्याच्या माणसाला भरपाई कायद्याकडे का यावं लागतं, हेही सांगायला हवं. ईएसआयचं छत्र हंगामी कारखान्यांना नाही आणि साखर हा हंगामी उद्योग धरला जातो. ढोकी असो, रांजणी असो, केशेगाव असो की मुरूम, गव्हाणीत हात गेला, बॉयलरपाशी भाजलं, साखरेची पोती अंगावर पडली, तर कामगाराच्या हातात उरतो तो भरपाईचाच कायदा.

पण त्या रखवालदारांचा दावा दोन गोष्टींमुळे उभा राहू शकला. त्यांची नोकरी कुणी नाकारली नव्हती आणि पाळीची वेळ ठरलेली होती. आता कारखान्याच्या फाटकाबाहेर पाहू. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातून दर दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही टोळ्या उतरतात. या माणसांचं नाव मुकादमाच्या वहीत असतं, तेही उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, आकड्यापुढे.

उसाच्या फडात जखम कशी होते ते जवळून पाहिलं पाहिजे. डाव्या मुठीत ऊस धरायचा, वाकून उजव्या हाताने बुडाशी कोयता मारायचा. हे दिवसातून किती वेळा होतं याची मोजदाद नाही. पहाटेच्या अंधारात, दव पडलेल्या पाचटावर पाय घसरला की कोयता डाव्या हाताच्या बोटांवर नाहीतर नडगीवर येतो. तोडलेल्या उसाचे बुडखे तिरपे आणि धारदार राहतात, ते चप्पल भेदून तळव्यात शिरतात. मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. इथून पडलेला माणूस कमरेने किंवा मणक्याने अधू होतो, आणि मोळ्या वाहणाऱ्यांत बाया काही कमी नसतात. पाचटात साप असतो. शेवटी भरलेल्या ट्रॉलीवर बसून रात्रीचा प्रवास, मागे ना दिवा ना लाल पट्टी.

जखम झाली की पुढचं ठरलेलं आहे. मुकादम जवळच्या दवाखान्यात टाके घालून आणतो आणि बिल त्या जोडप्याच्या खात्यावर मांडतो. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातला एक हात थांबला की उचल फिटत नाही. ती पुढच्या हंगामावर जाते. जखमी माणूस भरपाई मागायच्या ऐवजी देणेकरी होऊन घरी परततो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपतं ते हे.

भरपाईच्या कायद्यात कामगाराची चूक होती का हा प्रश्न फार थोड्या वेळा येतो. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. दारू प्यायला होता, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, असे बचाव मालकाला आहेत, पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत. ‘त्याचंच लक्ष नव्हतं’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज स्वीकारलं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

रक्कम किती? २०२० पासून हिशोबाला जास्तीत जास्त १५ हजार रुपये महिना पगार धरला जात आला. १९२३ च्या कायद्यातल्या कोष्टकात तीस वर्षांच्या माणसासाठी २०७.९८ हा गुणक होता. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्म्याला त्याने गुणायचं : १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के धरतात. हाताचा अंगठा पूर्ण गेला तर कमाईची ३० टक्के हानी मानतात, म्हणजे याच माणसाला पाच लाख साठ हजारांच्या वर. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडे, आणि काही महिने काम बंद राहिलं तर पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम दर पंधरवड्याला. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता हे मुकादमाने दवाखान्यात भरलेल्या दोन-चार हजारांशी ताडून पाहा.

मालक कोण, ही खरी लढाई. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मीही तुमच्यासारखाच. कंत्राटदारामार्फत आपल्याच धंद्याचं काम करून घेणाऱ्यावर मूळ मालक म्हणून जबाबदारी टाकणारं कलम १९२३ च्या जुन्या कायद्यात होतं. त्याला एक अट होती : अपघात मूळ मालक जिथे ते काम करतो किंवा जी जागा त्याच्या ताब्यात आहे, तिथे झालेला हवा. शेत आमचं नाही, असं कारखाना इथे म्हणतो. मला हे पटत नाही. कोणता फड कधी तुटणार हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. फडावर कारखान्याचा चिटबॉय उभा असतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखानाच शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, कापून घेतो. ज्याच्या हातात तारीख, माणूस आणि पैसा तिन्ही आहेत, त्याला हात झटकू देता कामा नये. रखवालदारांच्या निकालाने कामाची हद्द फाटकाच्या पाच किलोमीटर बाहेर नेली आहे. वकिलांनी तोच युक्तिवाद फडापर्यंत न्यावा.

ट्रॉली उलटली, मागून ट्रक धडकला, अशा वेळी मोटार अपघात न्यायाधिकरणाचा दुसरा मार्ग असतो. तिथे पगाराला १५ हजारांची मर्यादा नाही, पण समोरच्याची चूक सहसा दाखवावी लागते, आणि ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामाचा होता अशी हरकत कंपनी घेते. दोन्हीकडे एकदम भरपाई मिळत नाही, एकच वाट निवडावी लागते. म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, तरी थांबू नका.

आणि सरकारी रुग्णालयातच जा, किंवा निदान केसपेपरवर ‘ऊस तोडताना कोयता लागला’ असं लिहून घ्या. ‘पडून लागलं’ एवढंच लिहिलेल्या कागदाने कित्येक दावे कच्चे होतात. मुकादमाच्या फोनवरचे मेसेज, गाडीचा नंबर, वजनकाट्याची पावती, टोळीतल्या दोघांची नावं जपून ठेवा. घरातलं माणूस गेलं असेल आणि कुणी दारात येऊन पैसे देऊन कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते, परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. हक्क सोडून दिल्याचा करारही कायद्याने रद्दच असतो.

हा स्तंभ वाचणाऱ्यांत ऊसतोड कामगार थोडे असतील. ऊस लावणारे आणि कारखान्याचे सभासद पुष्कळ असतील. त्यांना माझी विनंती आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, पण त्याच्या नोंदवहीत नाव नसलेल्याच्या पदरात काय पडणार? वार्षिक सभेत आपण रिकव्हरी विचारतो, भाव विचारतो. येत्या सभेत तीन प्रश्न वाढवा. आपल्या कारखान्यावर गेल्या हंगामात किती टोळ्या होत्या आणि त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव कुठे लिहिलं आहे? किती जखमी झाले आणि त्यांना कुणी काय दिलं? या सर्वांचा विमा उतरवला आहे का, आणि असेल तर पॉलिसीची प्रत सभेपुढे ठेवता का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उद्या एखाद्या बाईला आयुक्तांपुढे उभं राहावं लागलं, तर इतिवृत्ताचं ते पान तिच्या कामी येईल.