शाळेचं अंगण कुणाला विचारून आखायचं?

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा इतिहास आठवतो. त्याच जिल्ह्यातलं कुंभकोणम आठवत नाही. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका खासगी शाळेत दुपारचं जेवण शिजतं त्या जागी आग लागली, शाकारलेल्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. बहुतेक प्राथमिकची. एका इमारतीत तीन शाळा कोंबलेल्या, जिना अरुंद. सुरक्षित शाळा हा शिक्षणहक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं. पण त्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या पोरांना "तुम्हाला कुठं भीती वाटते?" असं विचारायची पद्धत आपल्याकडे आजही नाही.

सध्या वर्गाबाहेरच्या शिक्षणाची चर्चा जोरात आहे. झाडाखालचा वर्ग, परसबाग, रंगवलेल्या भिंती. त्यांची आखणी मुलांना सोबत घेऊन करावी, असंही म्हटलं जातं. करावीच. पण कोणती मुलं?

आपल्यासाठी 'वर्गाबाहेर' ही नवी कल्पना नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपाई नसला की त्यांना पाणी मिळत नसे. जात शाळेच्या अंगणातही असते. नळाला आधी कोण हात लावतं, सावलीत कोण बसतं, झाडू कुणाच्या हातात दिला जातो, यातून ती दिसते. २०२२ मध्ये तमिळनाडूच्याच इरोड जिल्ह्यात दलित मुलांकडून शौचालय साफ करून घेतल्याबद्दल एका मुख्याध्यापिकेला अटक झाली. अशा शाळेतल्या मुलांना आवाराचा नकाशा काढायला सांगा. कोण कुठं जात नाही, हे त्या कागदावर दिसेल. कोणताही तपासणी अधिकारी एवढं खरं लिहिणार नाही. म्हणूनच मुलांचा सहभाग अनेकांना नकोसा असतो.

"पहिली-दुसरीच्या पोरांना काय कळतं?" हा नेहमीचा सवाल. कावेरीच्या खोऱ्यात भात पिकवणारे अनेक शेतमजूर दलित आहेत. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ ला ज्या ४४ जणांना झोपडीत जाळलं, तीही मजुरी वाढवून मागणाऱ्यांचीच बायकापोरं आणि म्हातारी माणसं होती. अशा घरातल्या पोराला पाऊस पडला की पाणी कुठं तुंबतं, दुपारी सावली कुठं सरकते, साप कुठून निघतो हे ठाऊक असतं. शहरातून आलेल्या आर्किटेक्टला ते ठाऊक नसतं. या ज्ञानाला आपण आजवर अडाणीपणा म्हटलं.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: शिक्षक नाहीत, शौचालय नाही, तिथं अंगणाचे लाड कशाला? पण मुलांना खरंच विचारलं, तर बऱ्याच ठिकाणी आधी मागणी येईल ती पाण्याची आणि कडी लागणाऱ्या शौचालयाचीच. घसरगुंडी नंतर येईल.

फसवणूक वेगळीकडे आहे. आराखडा आधीच ठरवायचा, मग मुलांचे रंगीत पंजे भिंतीवर उमटवून फोटो काढायचा. किंवा 'सहभाग' म्हणून त्यांच्याकडून खड्डे खणून घ्यायचे. आपल्या पोरांकडून फुकट श्रम घ्यायची या देशाला जुनी सवय आहे. म्हणून अटी स्पष्ट हव्यात. नकाशा मुलं काढतील, गटात सगळ्या वस्त्यांची मुलं आणि मुली असतील. मुलांची कोणती सूचना का नाकारली, हे शाळा व्यवस्थापन समिती लेखी देईल. आणि साफसफाईचं काम पगारी माणूस करेल, मूल नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. केंद्राच्या नमुना नियमांत शाळेतल्या मुलांनाही समितीवर घेण्याची सोय आहे. ती वापरायला कुणी सांगत नाही, एवढंच.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. तुमचे आईवडील त्या समितीच्या रजिस्टरवर न वाचता सही करत आले असतील, पण तुम्ही ते वाचू शकता. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत जा, रजिस्टर मागा, आणि वस्तीतल्या चार पोरांच्या हातात कोरा कागद द्या.

जय भीम.