दोन चाळण्या आणि एक मूल

जळगाव व धुळे जिल्ह्यांत दर हिवाळ्यात पाचवीच्या वर्गातील हजारो मुले एका परीक्षेस बसतात. दोन तासांचा अवधी, ८० प्रश्न आणि १०० गुण. निम्मे गुण बुद्धिमापनाला, उरलेले अंकगणित व भाषा यांना समसमान. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यातून जिल्ह्यामागे फार तर ८० मुलांना जवाहर नवोदय विद्यालयात सहावीसाठी प्रवेश मिळतो. निकालाच्या यादीत नाव आले की घरी पेढे वाटले जातात. तथापि, मूल जर शहरातील एखाद्या मिशनरी कॉन्व्हेंट शाळेत शिकत असेल, तर पेढे संपण्यापूर्वीच घरात वाद सुरू होतो. नवोदयात पाठवावे, की आहे तेथेच राहू द्यावे? आणि ‘आहे तेथेच’ असा निर्णय झालाच, तर शेजारी, नातलग आणि कचेरीतील सहकारी एकमुखाने म्हणतात, ‘दारी आलेली लक्ष्मी परत धाडली!’

हा निर्णय खरोखरच इतका अविचाराचा आहे काय, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा. कारण हा केवळ एका कुटुंबाचा प्रश्न नाही. सरकारने निवडलेल्या मुलांसाठी चालविलेली शाळा आणि चर्चने सर्वांसाठी म्हणून उघडलेली शाळा यांतून निवड करताना पालक आपल्या शिक्षणव्यवस्थेचाच निवाडा करीत असतो.

प्रथम नवोदयाविषयी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या शाळांना अधिष्ठान दिले. पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर येथे व महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. आज त्यांची संख्या देशभर साडेसहाशेच्या वर आहे. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी, शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण, असे तिचे स्वरूप आहे. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके हे सारे विनामूल्य. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकासनिधी म्हणून जी मासिक रक्कम घेतली जाते, तीत अनुसूचित जाती-जमाती, मुली व दारिद्र्यरेषेखालील मुले यांना सूट आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील पावरा वा भिल्ल कुटुंबातील मुलाला, ज्याच्या घरात पुस्तक नाही आणि वाडीत दिवा बेभरवशाचा आहे, त्याला ही शाळा जे देते ते दुसरी कोणतीही शाळा देऊ शकत नाही. नवोदयावर टीका करणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

आता कॉन्व्हेंट. भुसावळचे सेंट अलॉयशियस, जळगावचे सेंट जोसेफ, धुळ्याचे कॅनोसा ही नावे खानदेशातील मध्यमवर्गाला परकी नाहीत. धुळ्याच्या शाळेचे नाव ज्या संघावरून पडले, तो कॅनोसियन भगिनींचा संघ मॅग्डालेन ऑफ कॅनोसा या स्त्रीने १८०८ साली इटलीतील व्हेरोना शहरात गरीब मुलींच्या शिक्षणासाठी स्थापन केला होता, याचे स्मरण येथेच देऊन ठेवणे उचित. पुढे त्याचे प्रयोजन पडेल. या शाळांतून बसणारी मुले बहुतांशी ख्रिस्ती नाहीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, देशातील ख्रिस्ती शाळांमधील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. म्हणजे शाळा कॅथलिकांची, पण वर्ग सर्वांचा. एकदा आत घेतलेल्या मुलाला ती सहसा दहावीपर्यंत नेते. वर्गात पहिला येणारा आणि शेवटून पहिला येणारा एकाच बाकावर बसतात. गुणांची परीक्षा घेऊन मुलांची पंगत येथे पुन्हा मांडली जात नाही.

नवोदय सोडू नये असे सांगणाऱ्यांचा मुख्य मुद्दा निकालांचा असतो. नवोदयाचे दहावी-बारावीचे निकाल उत्तम लागतात, तेथील मुले अभियांत्रिकी व वैद्यकीय परीक्षांत चमकतात, हे खरेच आहे. परंतु अर्थशास्त्राचा सामान्य विद्यार्थीही येथे एक शंका उपस्थित करील. हजारांतून निवडलेली ८० मुले पुढे चमकली, तर त्याचे श्रेय शाळेचे किती आणि निवडीचे किती? दुधावरची साय काढून वेगळ्या भांड्यात ठेवली आणि मग त्या भांड्याची स्तुती केली, तर ती भांड्याची स्तुती ठरत नाही. अमेरिकेतील बोस्टन व न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा अभ्यास जोशुआ अँग्रिस्ट व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. थोडक्या गुणांनी प्रवेश मिळालेली मुले आणि थोडक्या गुणांनी हुकलेली मुले यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पुढील परीक्षांतील यशात लक्षणीय फरक आढळला नाही. याच अँग्रिस्ट यांना २०२१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. उलट, जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९८२ साली सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले होते की, अमेरिकेतील कॅथलिक शाळांत गरीब व श्रीमंत घरांतील मुलांच्या प्रगतीतील अंतर सरकारी शाळांच्या मानाने कमी राहते, कारण तेथे सर्वांना जवळजवळ एकच अभ्यासक्रम आणि एकच शिस्त असते. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. अमेरिकेचे माप खानदेशाला जसेच्या तसे लावणेही योग्य नव्हे. झोपडीतून आलेल्या मुलाला वसतिगृह आणि पोटभर अन्न मिळणे हाच मोठा फरक असतो. पण ज्या मुलाच्या घरी अन्न, पुस्तके आणि शिकलेले आईबाप आहेत, त्याच्या बाबतीत ‘नवोदय सोडले म्हणजे भवितव्य सोडले’ हे विधान पुराव्यावर उभे नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

दुसरा विचार वयाचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सात वर्षांसाठी घराबाहेर ठेवणे हा लहानसहान खर्च नव्हे. केवळ तो पावतीवर दिसत नाही एवढेच. अर्थशास्त्रात ज्याला संधीचा त्याग म्हणतात, त्यात आईच्या हातचे जेवण, आजीच्या गोष्टी, धाकट्या भावंडांचा सहवास आणि घरची अहिराणी किंवा लेवा बोली हे सारे येते. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातील नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची माहिती २०१८ साली उघडकीस आली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला तिची दखल घ्यावी लागली. लाखो विद्यार्थ्यांच्या तुलनेत ही संख्या लहान आहे, असे म्हणणारे म्हणोत. परंतु ‘माझे मूल हळवे आहे, त्याला एवढ्यात दूर ठेवणार नाही’ असे म्हणणाऱ्या आईला भाबडी ठरविण्याचा अधिकार त्यानंतर कोणालाही उरत नाही.

येथवरचे विवेचन कॉन्व्हेंटच्या बाजूचे झाले. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कॉन्व्हेंट मुलांची निवड करीत नाही, हे अर्धेच सत्य होय. नवोदय दहाव्या वर्षी मुलाची परीक्षा घेते. कॉन्व्हेंट तिसऱ्या वर्षी आईबापांची परीक्षा घेते. प्रवेशअर्जाच्या रांगेत कोण उभे राहू शकतो, फी कोणाला परवडते, इंग्रजीत छापलेली सूचना कोणाला वाचता येते, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच ती परीक्षा. चाळणी दोन्हीकडे आहे. एकीच्या छिद्रांचे माप बुद्धीचे आणि दुसरीच्या छिद्रांचे माप खिशाचे, एवढाच भेद. बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालात असेही नमूद आहे की, अल्पसंख्याक शाळांतील सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण अवघे ८.७६ टक्के आहे. व्हेरोनाच्या गरीब मुलींचे स्मरण करून द्यावयाचे ते याच ठिकाणी.

कायद्यानेही येथे हात आखडता घेतला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवल्या आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली. परंतु २०१४ साली ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या अनुदानित वा विनाअनुदानित शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो अधिक मोठ्या पीठापुढे ठेवावा, असे सुचविले. घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो टिकलाच पाहिजे. परंतु हक्क टिकविण्यासाठी गरिबाला दाराबाहेर ठेवण्याची गरज नसते. कायद्याची सक्ती नसताना ज्या मिशनरी शाळा आपल्या वर्गातील काही जागा मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांना स्वेच्छेने देतील, त्यांनाच ‘सर्वांची शाळा’ हे नाव शोभेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवोदयाची यादी लागते तेव्हा तिच्या पाठोपाठ एक प्रतीक्षायादीही असते. निवड झालेल्या मुलाने जागा नाकारली की ती जागा वाया जात नाही. ती पुढच्या मुलाकडे जाते. शहरातील सुस्थित कुटुंबाने सोडलेल्या जागेवर कदाचित साक्री तालुक्यातील शेतमजुराची मुलगी जाऊन बसेल. तिच्या दृष्टीने त्या जागेचे मोल कितीतरी अधिक आहे. एकच वस्तू कोणाच्या हाती पडते यावर तिचे समाजाला मिळणारे मूल्य बदलते, हे अर्थशास्त्राचे जुने सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. म्हणून कॉन्व्हेंटमध्येच राहण्याचा निर्णय घेणारे कुटुंब लक्ष्मी परत धाडीत नाही. जेथे तिची अधिक गरज आहे, त्या घराचा रस्ता ते तिला दाखविते. दोष द्यावयाचाच असेल तर तो दुसऱ्यांना द्यावा. तिसरीपासून मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर ठेवून त्याला शहरातील शिकवणीवर्गात बसविणारे आणि ग्रामीण कोट्यातून जागा मिळविणारे पालक आपल्या डोळ्यांआड नाहीत. खेड्यातल्या गुणी मुलासाठी मांडलेल्या पाटावर ते शहराचे पान वाढतात.

इंग्लंडचा दाखलाही विचार करण्याजोगा आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होऊ लागली: हुशार मुले ग्रामर शाळेत, बाकीची दुसरीकडे. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर, १९६५ साली सरकारने स्थानिक अधिकाऱ्यांना सर्वांसाठी एकच, सर्वसमावेशक शाळा सुरू करण्याचे आवाहन केले. अनेक कॅथलिक शाळाही त्या मार्गाने गेल्या. केंट व बकिंगहॅमशायरसारख्या काही परगण्यांत मात्र निवडीच्या शाळा टिकून आहेत. त्यांत गरीब घरांतील मुलांचा वाटा फारच थोडा असतो, हे तेथील आकडे वारंवार सांगतात. अकराव्या वर्षाची परीक्षा बुद्धी मोजण्याच्या नावाखाली घरही मोजते, हाच त्याचा अर्थ. तिकडे वाद मुख्यतः दोन शाळांमध्ये होता. आपल्याकडे मात्र तिसरी शाळा आहे, आणि खरा प्रश्न तिचाच आहे.

ती तिसरी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. ८० मुले नवोदयात गेली, काही शे मुले कॉन्व्हेंटमध्ये गेली. उरलेली सारी तेथे किंवा गावच्या अनुदानित शाळेत बसतात. पहिल्या दोघींच्या चाळण्यांतून जे खाली पडते, ते वर्गात घेऊन ती बसते आणि तिच्या निकालांची तुलना मात्र त्या दोघींशी केली जाते. याहून अन्यायाची तुलना ती कोणती? कोठारी आयोगाने १९६६ मध्येच परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळेचा आग्रह धरला होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत ती समान शाळा उभी राहिली नाही. उभे राहिले ते नवोदय. सर्वांना चांगली शाळा देता येत नाही, म्हणून काहींना उत्तम शाळा द्यावी, असा हा हिशेब होता. ज्यांना ती मिळाली, त्यांचे कल्याण झाले, यात शंका नाही. परंतु राहिलेल्यांचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या त्या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. दोन तासांच्या कोणत्याही परीक्षेत त्या अनुत्तीर्णच झाल्या असत्या. ज्या भूमीने आपल्या सर्वोच्च विद्यापीठावर अशा स्त्रीचे नाव कोरले, तिने तरी दहाव्या वर्षीच्या गुणांवरून मुलाची किंमत ठरवू नये. मूल नवोदयात गेले तर आनंदाने जावे, कॉन्व्हेंटमध्ये राहिले तर आनंदाने राहावे. जे कोठेच निवडले गेले नाही, त्याच्या वर्गात पुरेसे शिक्षक आहेत की नाहीत, हे मात्र पेढे वाटणाऱ्यांनी आणि न वाटणाऱ्यांनीही एकदा जाऊन पाहावे.