जमाखर्चाचा तोल आणि राज्यघटना

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. त्या नगरीनें बकासुरास गाडाभर अन्न नेमून दिलें होतें. आमच्या राष्ट्राच्या जमाखर्चांतहि असाच एक गाडा नेमलेला आहे. त्याचें नांव व्याज. 2023-24 च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत सुमारें 45 लक्ष कोटि रुपयांच्या खर्चापैकीं जवळजवळ 10 लक्ष 80 हजार कोटि व्याजापायीं मांडले होते. तेव्हां अंदाजपत्रकांत तूट नसावी असें घटनेनेंच बजावावें काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. कर भरणाऱ्या प्रत्येक दुकानदाराचा आहे.

घटनेच्या 292 व्या कलमान्वयें केंद्र सरकारास संचित निधीच्या तारणावर कर्ज काढतां येतें. त्यास मर्यादा कोणती? संसदेनें कायद्यानें घातलीच तर ती! 1949 सालीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं, संसद हें काम मनावर घेऊन वेळोवेळीं अशी मर्यादा घालीत जाईल, अशी आशा प्रकट केली होती. प्रत्यक्षांत वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा होण्यास 2003 साल उजाडलें. महसुली तूट नाहींशी करावी, असें त्या कायद्याचें उद्दिष्ट होतें. पण मुदत लांबत गेली आणि 2018 सालीं वित्त विधेयकाच्या पोटांतूनच तें उद्दिष्ट काढून टाकण्यांत आलें. ऋणकोनेंच खत लिहावें आणि ऋणकोनेंच तें खोडावें, अशा खतावर कोणता सावकार विश्वास ठेवील?

मग दरसाल जमा व खर्च तंतोतंत जुळलेच पाहिजेत, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. महामारीमुळें 2020-21 सालीं केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा 9 हून अधिक झाली. त्या वेळीं घटनेनें हात बांधले असते, तर गरिबाच्या घरीं फुकट धान्य कसें पोंचतें? जर्मनीनें 2009 सालीं घटनेंतच कर्जास लगाम घातला, तरी आपत्तीपुरती सवड ठेविली. 2025 सालीं संरक्षणखर्चासाठीं तो लगामहि सैल करावा लागला.

खरा भेद कर्ज कशासाठीं काढलें हा आहे. विहिरीसाठीं काढलेलें कर्ज ओलिताच्या पिकानें फिटतें; मीठमिरचीसाठीं काढलेलें पोराबाळांच्या डोक्यावर बसतें. वऱ्हाड-नागपुराकडील कापसाच्या व्यापाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, रस्ते व पाटबंधारे यांसाठीं कर्जाची मोकळीक असावी; पगार, व्याज व अनुदानें भागविण्यासाठीं कर्ज काढण्यास मात्र घटनेनेंच मनाई करावी. आपत्काल हा अपवाद असावा. पण तो संसदेनें दोनतृतीयांश मतांनीं ठरवावा व फेडीची मुदतहि त्याच दिवशीं सांगावी. खर्चाचें नांव बदलून नियमास बगल देतां येऊं नये, म्हणून वर्गवारीची तपासणी महालेखापरीक्षकांकडे असावी.

एकचक्रेच्या नागरिकांनीं गाड्याची पाळी कोणाची एवढाच हिशेब केला. गाडा बंद कसा होईल, हा विचार भीम येईपर्यंत कोणीं केला नाहीं. आमच्या पुढच्या पिढीनें मात्र भीमाची वाट पाहत बसावें काय?