महागड्या आवाजाचे कुरूप देह

काही दिवसांपूर्वी विश्रामबागेतील एका परिचितांच्या घरी आम्हा तिघा सहकाऱ्यांना गाणे ऐकण्याचे निमंत्रण होते. परिचित रसिक आहेत, संग्रही आहेत, आणि त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा खर्चून नवी ध्वनियंत्रणा घेतली आहे. दिवाणखान्यात पाऊल टाकताच आम्ही थबकलो. समोर माणसाच्या उंचीचे दोन काळे स्तंभ उभे होते, वर निमुळते, मध्ये फुगलेले, एकावर एक रचलेल्या शिरस्त्राणांसारखे. दोहोंच्या मध्ये बोटभर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे बसलेला ॲम्प्लिफायर होता. त्याच्या दोन्ही बाजूंना उष्णता बाहेर टाकणाऱ्या धारदार पट्ट्या होत्या आणि दर्शनी भागावर निळ्या उजेडात थरथरणारे दोन काटे. मनगटाएवढ्या जाड तारा जमिनीला स्पर्श होऊ नये म्हणून छोट्या छोट्या तिवयांवर निजविल्या होत्या. घरातील कोच, पुस्तकांचे कपाट, खिडकीतला उजेड या सर्वांनी मागे सरून या मंडळींना जागा करून दिली होती.

मग गाणे लागले. ते होते अब्दुल करीम खाँसाहेबांचे, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवून घेतलेले, जेमतेम साडेतीन मिनिटांचे. खाँसाहेब १९३७ साली गेले; त्यांची कबर मिरजेला, या दिवाणखान्यापासून पाच-सहा किलोमीटरांवर आहे. तो करुण, सुईसारखा बारीक स्वर त्या दोन शिरस्त्राणधाऱ्यांच्या मधून आला आणि आम्ही तिघांनीही, न ठरवता, डोळे मिटून घेतले. यजमानांना ती दाद वाटली. दाद होतीच. पण समोरचे दिसू नये, एवढाही हेतू त्यात होता, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

प्रस्तुत लेख त्या मिटलेल्या डोळ्यांविषयी आहे. आमचे म्हणणे असे की, घरी संगीत ऐकण्यासाठी आज जी सर्वांत महाग यंत्रे घडविली जातात त्यांतली बहुसंख्य कुरूप आहेत, ही कुरूपता अपरिहार्य नाही, आणि ती निरुपद्रवी तर मुळीच नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही यंत्रे कानांसाठी आहेत, डोळ्यांसाठी नव्हेत. आवाज उत्तम असला की रूपाची चर्चा गैरलागू. हा आक्षेप वरवर विरक्त वाटतो, पण तो खरा नाही. रूपाची पर्वा नसती तर ही यंत्रे साध्या लाकडी पेटीत आली असती. बोटभर जाडीचा दर्शनी पत्रा विद्युत्‌मंडलासाठी काहीही करीत नाही. तो पाहणाऱ्यासाठी असतो. निळ्या उजेडातले काटे कानाला काही सांगत नाहीत. म्हणजे इथे डोळ्यांना वगळलेले नाही. डोळ्यांशी बोलणे चालूच आहे, फक्त ते संगीताविषयी नाही, किमतीविषयी आहे.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, नाहीतर आमच्यावर जुनाटपणाचा आरोप येईल आणि तो रास्त ठरेल. विचित्र म्हणजे कुरूप नव्हे. ध्वनीला स्वतःचे पदार्थविज्ञान आहे आणि त्यातून अनोळखी आकार निघतात. पेटीच्या समोरासमोरच्या भिंती समांतर असल्या तर आत ध्वनिलहरी अडकून घुमतात, म्हणून भिंती तिरप्या वा वक्र करतात. कडा टोकदार असल्या तर लहरी तिथे विखुरतात, म्हणून त्या गोल करतात. पीटर वॉकर यांनी इंग्लंडमध्ये १९५७ साली बाजारात आणलेला क्वाड कंपनीचा विद्युत्‌स्थितिक स्पीकर पाहणाऱ्याला खोली तापविणारा हीटर वाटे. पण त्यात पेटीच नव्हती. ताणलेला पातळ पडदा आणि त्यापुढची जाळी, एवढेच. जे होते तेच दिसत होते. १९९३ साली आलेला बॉवर्स अँड विल्किन्सचा नॉटिलस तर प्रचंड गोगलगायीसारखा आहे. मात्र त्याच्या निमुळत्या होत जाणाऱ्या लांब नळ्या स्पीकरच्या मागे फेकला जाणारा आवाज शोषून घेण्यासाठी आहेत, आणि सर्वांत मोठी नळी सरळ ठेवायला जागा पुरत नाही म्हणून ती गुंडाळली आहे. ती गोगलगाय आम्हाला आवडेलच असे नाही. पण तिला आकार का मिळाला हे विचारले तर ती उत्तर देते.

याहून बोलके उदाहरण ब्राउन कंपनीच्या १९५६ सालच्या एसके ४ या रेडिओ-ग्रामोफोनचे. हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांची ही रचना: पांढरा पत्रा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि वर पारदर्शक झाकण. विनोदाने लोक तिला हिमगौरीची शवपेटी म्हणत. ते झाकण आधी धातूचे होणार होते, पण मोठ्या आवाजात धातू खडखडू लागला, म्हणून पारदर्शक प्लॅस्टिक आले. पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरना तसेच झाकण बसत राहिले. आवाजाची अडचण सोडवता सोडवता रूप सापडले. कान आणि डोळे यांच्यात भांडण आहे ही समजूत इथेच कोसळते.

मग कुरूप कशाला म्हणायचे? क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर हसेच होणार, या आशयाचा त्याचा दृष्टान्त आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. दोष मेखलेत नाही, हारातही नाही. जागा चुकली आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांची मांडणी केली. तिचा रोखही घटकांच्या परस्परसंबंधांवरच आहे. एकटा घटक सुंदर वा कुरूप ठरत नाही. हे मर्ढेकर नोकरीने आकाशवाणीत होते, हा योगायोग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या परिचितांच्या दिवाणखान्यात धातू उत्तम होता, कारागिरी निर्दोष होती, आवाज तर अप्रतिम. नव्हता तो संबंध: यंत्राचा घराशी, रूपाचा कार्याशी, आणि त्या साडेतीन मिनिटांच्या गाण्याशी.

संबंध कसा असतो हे पाहायला युरोपात जाण्याची गरज नाही. विश्रामबागेतून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायला फार वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांचे दिवस सरत आले तेव्हा, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे वाद्ये घडविण्याची परंपरा उभी राहिली. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे मिरजेला येतात, वाळवले जातात, कापले जातात. भोपळा गोल आहे तो गोल दिसावा म्हणून नव्हे. आतल्या पोकळीत स्वर भरावा म्हणून. दांडी पोकळ आहे. तबलीला किंचित उभार आहे, तारांचा दाब तिने पेलावा म्हणून. आणि घोडी! तिचा हाडाचा वा शिंगाचा पृष्ठभाग डोळ्याला सपाट वाटतो, पण कानसेने घासून त्याला इतका सूक्ष्म बाक दिलेला असतो की तार त्याला निसटता स्पर्श करीत राहते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून जवारी लावायची. तार जिथे छेडली जाते तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय पदार्थविज्ञानाचा नियम होता. तानपुऱ्यात ते उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. काही दमड्यांचा धागा तिथे जे करतो ते पाहिल्यावर तिवयांवर निजलेल्या त्या तारांकडे कोणत्या नजरेने पाहावे?

मिरजेच्या वाद्यांवर नक्षी असते, आणि कधीकधी ती जास्तही होते, हे मान्य केले पाहिजे. गळ्यापाशी कोरलेली पाने, कडेने बसविलेली पांढरी वेलबुट्टी: काही तानपुरे लग्नातल्या नवरीसारखे नटलेले असतात. पण ती नक्षी जोड झाकते, कड सांभाळते, आणि हाताला जिथे काम आहे ती जागा मोकळी सोडते. शिवाय तानपुरा कोपऱ्यात उभा केला तर तो खोलीला धाक घालीत नाही. कोणी लहान मूल त्याच्याकडे जाते आणि तार छेडते. त्या काळ्या स्तंभांना हात लावू नये, असे परिचितांच्या नातवाला बजावून ठेवलेले आम्ही पाहिले.

या ठिकाणी एका शब्दप्रयोगाचा समाचार घेणे आवश्यक आहे. १९८०च्या दशकापासून इंग्रजी ध्वनि-नियतकालिकांत 'वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर' असा एक थट्टेचा निकष रूढ झाला: यंत्र इतके बरे दिसते का, की बायको ते घरात येऊ देईल? यात स्त्रीची टिंगल तर आहेच, पण त्याहून खोल लबाडी आहे. रूपाचा विचार हा रसिकाचा नव्हे, त्याच्या घरातल्या अडाणी माणसाचा, असे यातून ठरवून टाकले जाते. म्हणजे घरातल्या ज्या व्यक्तीला समतोल दिसतो, जिला कोच कुठे असावा आणि उजेड कुठून यावा हे कळते, तिची दृष्टी हा अडथळा. आणि ज्याने दिवाणखान्याचे शस्त्रागार केले तो जाणकार. आमच्या यजमानीणबाई त्या संध्याकाळी आतल्या खोलीत बसून गाणे ऐकत होत्या. 'तिथूनही छान ऐकू येतं,' एवढेच त्या म्हणाल्या. त्या वाक्यात जी समीक्षा होती ती या लेखात उतरली तर आम्ही स्वतःला धन्य समजू.

ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी तो कसा खर्चावा हे सांगणारे तुम्ही कोण, असाही प्रश्न येईल. आम्ही खर्चाविरुद्ध नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. त्याच वेळी रियाजाच्या खोल्यांतून तानपुरा उठून त्या जागी विजेची पेटी आणि मोबाइलमधला तानपुरा आला आहे; भोपळा पारखणारा आणि जवारी लावणारा हात दर पिढीला दुर्मीळ होत आहे. ज्या समाजात तारेच्या एका जोडीवर उत्तम तानपुऱ्याच्या किमतीहून अधिक खर्च करणारा श्रोता आहे, पण ज्याच्या घरात एकही तानपुरा नाही, त्या समाजाचे ऐकणे कुठे चालले आहे हा प्रश्न खाजगी राहत नाही. यंत्र ऐकायचे की गाणे, एवढाच तो प्रश्न आहे. खाँसाहेबांच्या त्या तबकडीत जे उतरले नाही ते जगातला कोणताही स्पीकर देऊ शकत नाही. जे उतरले ते आपल्या वडिलांच्या पिढीने, क्रोशाचा रुमाल टाकलेल्या लाकडी रेडिओवर, डोळे न मिटताही ऐकले होते.

शेवटी एक कबुली. हा लेख लिहिताना आम्हाला आमच्याच व्यवसायातील जाड पत्रे आठवत होते. पदोन्नतीसाठी लिहिलेले आमचे शोधनिबंध काढून पाहा: आत एखादाच बारीक स्वर, आणि बाहेर परिभाषेचे बोटभर जाडीचे कवच, आधारांच्या धारदार पट्ट्या, परकीय नावांचा निळा उजेड. विद्यार्थी ते वाचताना डोळे मिटतात आणि आम्ही ती दाद समजतो. औचित्य शिकविणाऱ्यांनी ते आधी आपल्या घरात तपासावे, हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. त्या तपासणीला आम्ही बसलो आहोत. तोवर परिचितांना आमची एवढीच विनंती, की पुढच्या बैठकीत यजमानीणबाईंना बाहेर बोलवावे, आणि ते स्तंभ कुठे ठेवायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.