निजामाचा कायदा आणि गावची शीव

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की हैदराबादेत एकाच दिवसाच्या नावावरून वाद पेटतो. केंद्र सरकार या दिवसाला ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणते, तेलंगणाच्या मागच्या सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले आणि आताच्या सरकारने ‘प्रजापालन दिन’. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन असतो. नावावरच्या भांडणामागे खरा प्रश्न निजामशाही कशी होती, हा आहे. एक बाजू उस्मानिया विद्यापीठ, हायकोर्टाची इमारत आणि इस्पितळे दाखवते, तर दुसरी रझाकारांचे अत्याचार. दोघांचीही नजर राजधानीवर आणि राजावर खिळलेली आहे. माझ्या मते या राज्याची पारख राजा आणि रयत यांच्यामधल्या माणसांवरून करायला हवी. हैदराबाद संस्थानात कायद्यांची वाण नव्हती. पण ज्यांना आवर घालण्यासाठी ते केले, त्यांच्याच हाती त्यांची अंमलबजावणी होती. त्या राज्याचे मुख्य अपयश हेच, आणि ते १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावरही पूर्णपणे संपलेले नाही.

कायद्यांचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, तेव्हा महसुलाचे मक्ते दिले जात होते आणि अरब, रोहिले सावकारांनी मुलूखच्या मुलूख गहाण घेतले होते. सालारजंगांनी १८६५ च्या जिल्हाबंदीने महसूल वसुली देशमुख-देशपांड्यांकडून काढून पगारी तालुकदारांकडे दिली. मराठवाड्यात पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणीही झाली. १८९३ मध्ये ‘कानूनचा-ए-मुबारक’ने राज्यकारभाराची चौकट लेखी बांधली गेली. न्यायखाते कार्यकारी अधिकाऱ्यांपासून वेगळे करण्याचे फर्मान निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२१ मध्ये काढले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी तेव्हा पडूनच होती. केशवराव कोरटकरांसारखा परभणी जिल्ह्यात जन्मलेला मराठी वकील याच व्यवस्थेत हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणाऱ्या ‘भगेला’ करारांवर १९३६ मध्ये निर्बंध आले आणि १९४० च्या दशकात कुळांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कागदावर हे राज्य मागासलेले नव्हते.

पण हा कागद संस्थानातल्या प्रत्येक गावी सारखा लागू नव्हता. दिवाणी म्हणजे सरकारी मुलुखाशिवाय ‘सर्फ-ए-खास’ ही निजामाची खासगी मिळकत होती. राजधानीभोवतीचा अतराफ-ए-बल्दा जिल्हा तिच्यातच मोडत असे. जहागिरी, पायगा सरदारांचे मुलूख आणि हिंदू राजांची संस्थाने मिळून सुमारे एकतृतीयांश मुलूख व्यापत होती. मोठ्या जहागीरदारांचे स्वतःचे पोलीस आणि न्यायाधिकार असत, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच कचेरीत अर्ज द्यावा लागे. दिवाणी गावांतही चित्र फार वेगळे नव्हते. सालारजंगांनी देशमुखांकडून वसुली काढली, पण रुसूम म्हणून त्यांना नगद मोबदला मिळत राहिला आणि जमिनीची दप्तरे ज्यांच्या आवाक्यात होती, त्यांच्या नावे मोजणीच्या काळात हजारो एकर चढले. सुधारणेने सनदी वतनदाराच्या जागी सरकारी दाखल्याचा जमीनदार आणला. १९४६ मध्ये तेलंगणात कडवेंडीला दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला आणि शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा भडकला, तो विसनूरच्या देशमुखाच्या वेठबिगारीविरुद्ध. भगेला कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

हा दोष एकट्या हैदराबादचा नव्हता. मलय द्वीपकल्पातल्या पेराक सल्तनतीतही सुलतान सर्वोच्च असला, तरी नदीकाठच्या सरदारांकडे वसुली, सक्तीची मजुरी आणि कर्जापोटी ठेवलेली माणसे असत. १८७४ च्या पांगकोर करारानंतर आलेला ब्रिटिश रेसिडेंट बर्च याने करवसुली आणि ऋणदास्य या दोन्हींना एकदम हात घातला आणि १८७५ मध्ये त्याचा खून झाला. त्याच द्वीपकल्पातल्या जोहोरच्या सुलतानाने १८९५ मध्ये, म्हणजे ‘कानूनचा-ए-मुबारक’नंतर दोनच वर्षांनी, लेखी राज्यघटना दिली. दोन दूरच्या राज्यांत राजाच्या हातून राज्यघटना उतरत होती, पण ती बजावण्याचे साधन प्रजेच्या हाती नव्हते. मधल्या सरदाराची सत्ता मोडल्याशिवाय राजाचे कायदे गावात उतरत नाहीत, हे पेराकमध्ये जितके खरे होते तितकेच हैदराबादेतही.

यावर आक्षेप येतो, की वेठबिगार आणि जमीनदारी ब्रिटिश मुलखातही होती, मग निजामालाच दोष का? वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. कोकणातल्या खोतीचा जाच जहागिरीपेक्षा सौम्य नव्हता. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडू शकले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने येऊ शकले. त्याच वर्षी हैदराबादेत स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि सभांवर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाचा पहारा होता. मुंबईच्या कुळाला गाऱ्हाणे विधिमंडळाच्या दारात नेण्याची वाट होती, मराठवाड्याच्या कुळाला नव्हती. जुलूम सारखा असला तरी त्याविरुद्ध बोलण्याचा हक्क सारखा नव्हता, आणि चांगला कायदा टिकतो तो याच हक्कावर.

दुसरा आक्षेप असा, की हा सारा धर्माचा प्रश्न होता. सरकारी नोकऱ्या आणि पोलिसांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या तुलनेत फार मोठे होते, राज्यकारभाराच्या उर्दूने मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांची वाट अडवली आणि रझाकारांनी गावे जाळली. यातले काहीही झाकून ठेवता येत नाही. मात्र कोमरय्याचा मारेकरी हिंदू देशमुखाचा माणूस होता, संस्थानांचे राजे हिंदू होते आणि पायग्यांच्या गावांत राबणारा मुसलमान शेतमजूरही वेठीतून सुटत नव्हता. फक्त धर्माकडे पाहिले की गावचा जमीनदार इतिहासातून निसटतो, आणि त्याला नेमके तेच हवे असते.

जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, इनामेही रद्द झाली. तरी पुराव्याचा अधिकार अजून कागदाच्या मालकाकडेच आहे. तेलंगणात या कूळकायद्याच्या कलम ३८-ई खालच्या संरक्षित कुळांचे आणि सर्फ-ए-खास जमिनींचे खटले चालूच आहेत. २०२० च्या ‘धरणी’ पोर्टलवरून प्रत्यक्ष वहिवाटदाराचा रकाना गेला आणि कसणारा माणूस दप्तरातून दिसेनासा झाला. मराठवाड्यात मदतमाश आणि खिदमतमाश या इनामी जमिनींचे प्रश्न सातबाऱ्यावर रेंगाळतात. हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी दाखले देण्याचा महाराष्ट्र सरकारचा २ सप्टेंबर २०२५ चा निर्णय काय सांगतो? निजामकालीन नोंदी आजही माणसाचे हक्क ठरवतात. त्या नोंदी उर्दू, फारसी आणि मोडीत आहेत, आणि त्या वाचू शकणारे मोजकेच.

म्हणून दोन्ही राज्य सरकारांनी १७ सप्टेंबरच्या समारंभांआधी एक काम करावे. मुंतखब, सेतवार आणि खासरा पाहणी या जुन्या नोंदींची गावनिहाय प्रत मराठी व तेलुगूत, मूळ पानाच्या छायाचित्रासह, सर्वांसाठी खुली करावी. ते खर्चाचे आणि किचकट काम आहे, नोंदी उघड झाल्या की नवे वादही उभे राहतील. पण वाद उघड्यावर होणे हे दप्तर मूठभरांच्या ताब्यात राहण्यापेक्षा केव्हाही बरे. निजामाच्या रयतेला कायदा हवा होता, तसाच तो वाचण्याचा आणि त्यावर भांडण्याचा हक्कही. पहिला भाग स्वातंत्र्याने दिला. दुसरा देण्याची जबाबदारी आता लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांची आहे, आणि त्यांना निजामाकडे बोट दाखवून ती टाळता येणार नाही.