चिलखताची शिलाई

चिलखत म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १६५९ सालची प्रतापगडाच्या पायथ्याची भेट उभी राहते. वर अंगरखा, आत लोखंडी कड्यांचे चिलखत. वर मंदील, आत पोलादी टोप. आपल्या इतिहासातले सर्वांत नामांकित चिलखत हे असे झाकून ठेवण्याचे वस्त्र होते. हल्लीची मुले ज्या चिलखताने झपाटली आहेत त्याचा न्याय नेमका उलटा. ते कपड्यांवरून घालायचे, चार लोकांनी पाहावे म्हणूनच घालायचे, आणि त्याने तलवारीचा वार तर सोडाच, जोराचा पाऊसही अडायचा नाही. विज्ञानकथेतल्या अंतराळसैनिकाचे, नाहीतर यंत्रपुरुषाचे हे सोंग. फोमचे, पुठ्ठ्याचे, प्लास्टिकचे. आणि त्यातली खरी हौस ही, की ते बाजारातून आणायचे नाही. घरी बसून स्वतःच्या मापाने करायचे.

वाचकांपैकी काहींच्या घरी हा उद्योग एव्हाना सुरू झाला असेल, आणि मुलाने अभ्यासाचे टेबल चिकटपदार्थांनी भरवल्याची तक्रारही सुरू झाली असेल. त्या तक्रारीत आम्ही मुलाच्या बाजूने साक्ष देऊ इच्छितो. पण आमचे खरे म्हणणे निराळेच आहे. या चिलखताला लोक विज्ञान म्हणतात, यंत्रविद्या म्हणतात, कोणी सुतारकाम म्हणतात. आमच्या मते ती शिलाई आहे. आणि ज्या घरात शिवणयंत्र चालते, त्या घरात या विद्येचा अर्धा ग्रंथ आधीच लिहून तयार असतो.

इतिहासही हेच सांगतो. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या रसिकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अकरमन हा तरुण आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून आली. त्या काळच्या मासिकांत फ्रँक पॉल या चित्रकाराने काढलेली चित्रे आणि १९३६ चा ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट यांवरून ते पोशाख सुचले होते. पुढे या छंदाचा जनक म्हणून नाव झाले ते अकरमनचे. मात्र दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते डग्लसबाईंनी! सोंग घेणारा लक्षात राहतो, सोंग शिवणारी नाही. हा अनुभव आपल्या गणेशोत्सवी नाटकांच्या मंडळींना नवा वाटू नये.

कापडाचे चिलखत झाले ते पुढे. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील पांढऱ्या कवचाचे सैनिक सर्वांना ठाऊक आहेत. ते कवच प्लास्टिकचे होते. साच्यावर तापवून मऊ केलेला पत्रा पसरायचा, खालून हवा ओढून घ्यायची, की पत्रा साच्याला घट्ट बिलगतो. निवला, की कवच तयार. इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने चित्रपटासाठी या रीतीने शिरस्त्राणे काढली होती. २००४ पासून त्याने त्यांच्या प्रतिकृती विकावयास घेतल्या, आणि चित्रपटाच्या मालकांनी त्याच्यावर दावा लावला. वाद येऊन ठेपला तो एका शब्दावर : शिरस्त्राण हे ‘शिल्प’ आहे काय? शिल्प असेल तर त्यावर कलाकृतीचा दीर्घ हक्क; केवळ उपयोगाची वस्तू असेल तर तो हक्क नाही. २७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ते शिल्प नव्हे. चित्रपट तयार करण्याच्या कामी आलेली ती एक वस्तू. अमेरिकेतील हक्काचा भंग झाल्याबद्दल मात्र इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागता येईल, असेही त्याच निकालात ठरले. साहित्यशास्त्राच्या वर्गात ‘कला कशाला म्हणावे’ यावर आम्ही वर्षानुवर्षे खडू झिजवला. तोच प्रश्न एका टोपावरून सर्वोच्च न्यायासनापुढे जावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

त्याच चित्रपटात एक गंमत आहे. सैनिकांची तुकडी एका दारातून आत शिरते आणि त्यांतल्या एकाचे डोके वरच्या चौकटीवर आपटते. हा तुकडा चित्रपटात तसाच राहून गेला आणि रसिकांचा लाडका झाला. पण त्यात या कलेचे पहिले दुखणेही दिसते. बाहेरून जे भव्य दिसते, त्याच्या आतून फारसे काही दिसत नाही.

साच्यावर पत्रा ओढणे घरी अवघड. घरगुती कारागिरांना मार्ग दाखवला तो दोन गोष्टींनी. पहिली, पेपाकुरा नावाची जपानी संगणकप्रणाली. ‘पेपर क्राफ्ट’ या शब्दांचाच हा जपानी संक्षेप. संगणकावरील घनाकृतीची घडी उलगडून ती सपाट कागदाच्या तुकड्यांत मांडून देते. दुसरी, ईव्हीए फोम. म्हणजे रबरी चपलांच्या तळांत आणि लहान मुलांच्या खेळायच्या जोडचटयांत जो असतो तोच. वजनाला हलका, सुरीने कापता येणारा, गरम हवेने वाकणारा आणि निवल्यावर तो बाक धरून ठेवणारा.

आमच्या इंदुरी शेजारात अकरावीतल्या एका मुलाने गेल्या हिवाळ्यात असे चिलखत करावयास घेतले. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटातला नायक पहिले चिलखत गुहेत कैदी असताना मोडक्या लोखंडातून ठोकून काढतो. त्या प्रसंगाने हा मुलगा भारला होता. वडील बँकेत, त्यांचे म्हणणे, अकरावीचे वर्ष फोमात घालवू नये. समेट असा झाला, की रविवार फोमाचा आणि सहा दिवस पुस्तकांचे. सियागंजातून बारा मिलिमीटर जाडीच्या चटया आल्या, मोच्याकडे ज्याला नुसते ‘सोल्यूशन’ म्हणतात तो पिवळा डिंक आला, आणि एका कारखान्यातल्या मामांकडून उसनी हीट गन आली.

पहिला तुकडा मनगटापासून कोपरापर्यंतचा. मुलाने हाताचा घेर मोजला, तितकाच फोम कापला, वाकवून चिकटवला. हात आत जाईना. गणित चुकले नव्हते, अपुरे होते. बारा मिलिमीटर जाडीची चटई गोल वाकवली, की तिचा आतला घेर मधल्या घेराहून सुमारे ३८ मिलिमीटरने कमी भरतो. मुलगा हे कागदावर मांडीत बसला असता आई पाठीमागून म्हणाली, “अरे, माया कुठे ठेवलीस? आणि मूठ आत जायला नको का? बांगडीचं माप मनगटावरून घेतात की हाताच्या हाडावरून?” शिवणातली माया म्हणजे शिलाईसाठी राखलेले जास्तीचे कापड, या शब्दाची योजना ज्या कोणी पूर्वजाने केली, त्याला आमचा नमस्कार. मग घेर वाढला, आतल्या बाजूने उभी चीर पडली, तिला वेल्क्रो लागला, आणि हात सुखरूप आत गेला.

छातीच्या कवचाने तर आईची गादी पक्की केली. सपाट वस्तूला फुगवटा द्यायचा, तर तिच्यातून पाचर काढून दोन कडा जोडाव्या लागतात; संगणकाने मांडलेल्या तुकड्यांत जागोजाग या पाचरा होत्या आणि मुलगा त्यांना निरर्थक समजून गाळू पाहत होता. “सर, हे तर ब्लाउजचे टक्स आहेत हो,” त्या माउलीने आम्हांस सांगितले. नंतर कागद बाजूला सारून तिने मुलाला जुना सदरा घालायला लावला, त्यावर सबंध छातीभर कागदी चिकटपट्टी गुंडाळली, पेनाने मुंढा, खांदा, बरगडी आखली, आणि कात्रीने ती खोळ उतरवून टेबलावर पसरली. संगणकाची आकृती कोणा कल्पित पुरुषाची होती. ही मुलाची होती. एक बाजू आखली, की दुसरी तिला उलटून काढायची, हेही तिनेच बजावले. चटईच्या एका अंगाला खडबडीत नक्षी असते. उजवे-डावे तुकडे एकाच तोंडाने कापले, तर एकाची नक्षी बाहेर येते.

जे या वाटेने जातील त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. फोम सुरीची धार फार लवकर खातो. पाते वरचेवर बदलावे, बोथट पाते जोर मागते आणि जोर लावला की हात कापतो. कापलेल्या फोमावर गरम हवा फिरवली, की त्याची छिद्रे मिटून पृष्ठ गुळगुळीत होते. रंग तेव्हाच नीट बसतो. डिंक दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासा होईतो थांबावे, आणि मगच जोडावे. एकदा टेकले, की पुन्हा सरकवण्याची सोय नाही. या डिंकाची वाफ डोक्यात चढते आणि पेटही घेते. म्हणून हे काम गच्चीत किंवा खिडक्या उघड्या टाकून, देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर, आणि मोठे माणूस हजर असतानाच व्हावे. डिंकाचा डबा उघडा असताना हीट गन चालू नसावी. फोम घासताना नाकातोंडाला कापड पुरत नाही, धुळीचा मुखवटा हवा. रंगाआधी पातळ केलेल्या फेविकॉलचे तीनचार हात दिले, तर फोम रंग पिऊन टाकीत नाही.

चिलखत तयार झाले, असे मुलाने जाहीर केले तेव्हा आईने एकच सांगितले : “आता बस बघू.” मुलाला बसता येईना. मांडीची पट्टी पोटाच्या पट्टीला जाऊन भिडली. पुन्हा दोन रविवार गेले. कमरेचे कवच तीन भागांत कापून रुंद इलॅस्टिकवर ओवले, सांध्यांच्या जागी मोकळे अंतर ठेवले, आणि आतून काळा अंगसरशी पोशाख घातला, म्हणजे ते अंतर मुद्दाम ठेवल्यासारखे दिसते. टोपाची काच श्वासाने धुरकटत होती. तेथे संगणकातला एक लहान पंखा आणि मोबाइलची बॅटरी बसवली, हनुवटीखाली हवेला वाट ठेवली. तरी पायाखालचे दिसत नाही ते नाहीच. असा वेष घालून जिन्यावरून उतरताना सोबतीला एक माणूस असावाच लागतो, तो पुढे चालतो आणि पायऱ्या मोजून सांगतो.

अमेरिकेत १९९७ मध्ये दोन हौशी तरुणांनी अशा वेषधाऱ्यांची ‘५०१ वी लीजन’ नावाची संघटना काढली. आज तिचे सभासद अनेक देशांत आहेत. हे लोक पांढरी कवचे घालून आजारी मुलांना भेटावयास रुग्णालयांत जातात, सत्कार्यांसाठी निधी जमवतात. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत मात्र अजून भाड्याच्या दुकानातले तेच फेटे आणि त्याच मिशा येतात, आणि बक्षीस जाते ते ज्या पालकाने अधिक भाडे भरले त्याच्या पाल्याला. यंदा परीक्षकांना आम्ही सुचवणार आहोत, की अर्धे गुण घरी केलेल्या कामाला ठेवावेत, आणि स्पर्धकाने आपला पोशाख कसा बेतला ते दोन मिनिटे बोलून सांगावे. तसेच शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी अजून जेथे चालते, तेथे ती मोडावी. ज्या मुलाला मुंढा कापता येत नाही, त्याला आयर्न मॅन होता यायचे नाही.

इंदूरच्या मे महिन्यात हे चिलखत घालणे अशक्य, हे मुलगा जाणून आहे. आतून पुसून, वाळवून ते सध्या माळ्यावर ठेवले आहे. गच्चीत ठेवले तर उन्हाने फोम वाकडा होतो आणि जोड सुटतात. पायांचे तुकडे अजून व्हायचे आहेत. त्यांचे कागद आईने ब्लाउजांच्या बेतांबरोबर एकाच पिशवीत घालून ठेवले आहेत, आणि वरती मुलाच्या पोटरीचे माप पेन्सिलीने लिहिले आहे : चौदा इंच, दिवाळीनंतर पुन्हा घेणे.